ओव्हरक्लॉकिंग : संगणकाच्या वेगाची भरवशाची मर्यादा कशी शोधतात

प्रोसेसरच्या खोक्यावर छापलेला वेगाचा आकडा ही त्या प्रोसेसरची भौतिक मर्यादा नसते. ती उत्पादकाने दिलेली हमी असते. त्या आकड्यापुढे किती जाता येईल हे उत्पादक सांगत नाही आणि नेमके सांगू शकतही नाही, कारण एकाच नावाचे आणि एकाच कारखान्यातून आलेले दोन प्रोसेसरही या बाबतीत सारखे नसतात. हमीच्या आकड्याहून अधिक वेगाने प्रोसेसर, रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. हौशी मंडळींत हा शब्द गेली पंचवीस-तीस वर्षे रुळलेला आहे.

या हौसेत दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. संगणक जास्तीत जास्त किती वेगाने चालू शकतो, हा पहिला. तो रोजच्या कामात, प्रत्येक वेळी बरोबर उत्तर देत, किती वेगाने चालू शकतो, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची उत्तरे विक्रमांच्या यादीत सापडतात. अतिशीत द्रव ओतून थंड केलेला एक डेस्कटॉप प्रोसेसर डिसेंबर २०२२ मध्ये ९ गिगाहर्ट्झच्या पलीकडे नेण्यात आला. मात्र अशा वेगात यंत्राने वेगाची नोंद होईपर्यंत तग धरला, एवढेच पुरेसे मानले जाते. घरातल्या किंवा कचेरीतल्या संगणकाला दुसरा प्रश्न लागू पडतो आणि तो अधिक अवघड आहे. कारण जो संगणक बंद पडतो त्याची मर्यादा ओलांडली गेली हे तत्काळ कळते. जो बंद न पडता चुकतो, त्याचे कळत नाही.

वाढीव वेगाची जागा कोठून येते

प्रोसेसरमधील सर्व कामे घड्याळाच्या ठोक्यांना बांधलेली असतात. ५ गिगाहर्ट्झ वेगाने दोन ठोक्यांमधील अंतर ०.२ नॅनोसेकंद असते. तेवढ्या अवधीत प्रकाशसुद्धा निर्वातातून जेमतेम ६ सेंटिमीटर जातो. त्याच अवधीत विद्युत्-संकेताला ट्रान्झिस्टरांच्या साखळीतून पार होऊन, पुढचा ठोका पडण्यापूर्वी पुढच्या टप्प्यावर स्थिरावावे लागते. प्रोसेसरमध्ये असे असंख्य मार्ग असतात आणि त्यांतला सर्वांत रेंगाळणारा मार्ग साऱ्या प्रोसेसरचा वेग ठरवतो. ठोके जवळ आणले आणि त्या मार्गावरचा संकेत वेळेत पोहोचला नाही, तर पुढच्या टप्प्यावर चुकीचा अंक नोंदला जातो. प्रोसेसरला आपण चुकलो याची बहुतेक वेळा जाणीवही नसते. तो त्या अंकावर पुढची बेरीज करत राहतो.

संकेत किती लवकर पोहोचेल हे मुख्यतः व्होल्टेजवर अवलंबून असते. व्होल्टेज वाढवले की ट्रान्झिस्टर अधिक चपळाईने उघडतात-मिटतात. तापमान वाढले की बहुधा मंदावतात. शिवाय सिलिकॉनच्या एकाच चकतीवरचे तुकडे तंतोतंत सारखे निघत नाहीत. कोणी कमी व्होल्टेजवर पळतो, कोणाला अधिक लागते. उत्पादक या तुकड्यांची चाचणी करून प्रतवारी लावतो आणि प्रत्येक प्रतीला असा वेग देतो, की त्या प्रतीतला सर्वांत कमकुवत तुकडाही कोंदट कॅबिनेटमध्ये, सामान्य एसएमपीएसवर, कित्येक वर्षांच्या वापरानंतरही तो पाळू शकेल. म्हणजे हमीच्या आकड्यात उष्णतेची, कच्च्या वीजपुरवठ्याची आणि म्हातारपणाची तरतूद आधीच धरलेली असते. ओव्हरक्लॉकिंग करणारा हीच तरतूद खर्चून वेग मिळवतो. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढचे पुष्कळसे कोडे सुटते.

या तरतुदीचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९९८ सालच्या इंटेल सेलेरॉन ३००ए या स्वस्त प्रोसेसरचे. त्याचा गुणक ४.५ असा कायमचा बांधलेला होता आणि मदरबोर्डाची बस ६६ मेगाहर्ट्झवर चाले. दोहोंचा गुणाकार ३००. त्या काळातल्या चांगल्या मदरबोर्डांवर बस १०० मेगाहर्ट्झ करण्याची सोय होतीच. ती केली की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर धावू लागे आणि कितीतरी महाग असलेल्या पेंटियम २ च्या तोडीस तोड काम करी. त्याची कॅश फक्त १२८ किलोबाइटची, पण ती प्रोसेसरच्याच पूर्ण वेगाने चालणारी होती, हेही त्यामागचे एक कारण. प्रत्येक तुकड्याला हे जमे असे नाही. पण पुष्कळांना जमे.

या गोष्टीचा कमी सांगितला जाणारा भाग अधिक बोधक आहे. पीसीआय बसचा वेग मुख्य बसला भागून काढला जाई. ६६ ला दोनाने भागले काय किंवा १०० ला तिनाने, उत्तर ३३ मेगाहर्ट्झच्या आसपासच येई आणि हार्ड डिस्कचे नियंत्रण सुखरूप राही. ज्यांचा प्रोसेसर १०० वर टिकत नसे ते ८३ मेगाहर्ट्झवर समाधान मानत. पण तेथे भागाकार दोनानेच होई आणि पीसीआय बस ४१ मेगाहर्ट्झच्या पुढे जाई. प्रोसेसर खुशाल चाले, खेळही चालत, आणि डिस्कवर लिहिल्या जाणाऱ्या फायली मात्र कधीमधी खराब होत. जो भाग वाढवायचा होता तो टिकला आणि ज्याच्याकडे कोणाचे लक्षच नव्हते तो बिघडला. आजच्या मदरबोर्डांवर हे विशिष्ट संकट बहुतांशी टळले आहे. आता मूळ १०० मेगाहर्ट्झला सहसा हात न लावता गुणकच वाढवतात. तरीही एका भागाचा वेग वाढवताना दुसऱ्या कोणत्या भागावर ताण पडतो, हा प्रश्न जुना झालेला नाही.

१९९८ सालासारखी दीडपट वाढ मात्र आज मिळत नाही. टर्बो पद्धती आल्यापासून प्रोसेसर स्वतःच तापमान आणि वीजवापर पाहून क्षणोक्षणी आपला वेग वाढवतो-घटवतो. पूर्वी ग्राहकासाठी शिल्लक राहणारी जागा उत्पादकच वापरून टाकतो. नव्या प्रोसेसरमध्ये हाती लागते ती थोड्या टक्क्यांची वाढ, आणि तीही वीज व उष्णता यांच्या मोबदल्यात महाग पडते. रॅमच्या बाबतीत अजून थोडी अधिक गुंजाइश असते.

वेगाची किंमत

प्रोसेसरचा चालता वीजवापर वेगाच्या सरळ प्रमाणात, परंतु व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, एका प्रोसेसरला ४.८ गिगाहर्ट्झसाठी १.२० व्होल्ट पुरतात, ५.० साठी १.२७ लागतात आणि ५.१ साठी १.३४. पहिल्या पायरीवर वेग ४ टक्क्यांनी वाढला आणि वीज साधारण १७ टक्क्यांनी, ५.१ पर्यंत गेल्यास वेगाची एकूण वाढ ६ टक्के आणि विजेची ३२ टक्के. हे आकडे उदाहरणापुरते घेतले असले, तरी वळण नेहमी याच तऱ्हेचे असते. प्रारंभी थोड्या व्होल्टेजला बरा वेग मिळतो, मग एका टप्प्यानंतर तेवढ्याच वेगाला दुप्पट-तिप्पट व्होल्टेज मोजावे लागते. तो टप्पा ओळखणे हाच शोधाचा पहिला हेतू असतो. जाणकार बहुधा तेथेच थांबतात, आणि त्यांचे चुकत नाही.

पूर्वतयारी

शोध सुरू करण्यापूर्वी यंत्र मूळ स्थितीत निर्दोष आहे याची खात्री करणे आवश्यक असते. हा टप्पा हमखास गाळला जातो. आधीच खराब असलेली रॅम किंवा धुळीने कोंदलेला कूलर यांचे खापर पुढे वाढवलेल्या वेगावर फुटते आणि दिवस वाया जातात. म्हणून बायोसमधील सर्व मूल्ये कारखान्याच्या मूळ स्थितीत आणावीत, बायोस अद्ययावत करावे, पंखे व कूलर स्वच्छ करावेत, थर्मल पेस्ट जुनी झाली असल्यास बदलावी, आणि मगच पूर्ण भाराखाली तापमान किती जाते ते पाहावे. मूळ वेगावरच प्रोसेसर त्याच्या कमाल तापमानाला टेकत असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. अनेक इंटेल प्रोसेसरांसाठी ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, तर एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांसाठी ९५. तेथे पोहोचलेला प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. अशा वेळी बायोसमध्ये वाढवलेला आकडा केवळ कागदोपत्री राहतो आणि प्रत्यक्ष काम पूर्वीपेक्षा हळूही होऊ शकते.

महत्त्वाच्या सर्व फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. बायोस मूळ स्थितीत आणण्याचा जंपर किंवा मदरबोर्डावरची बटणाएवढी बॅटरी कोठे आहे हेही आधीच पाहून ठेवावे, कारण एखादे मूल्य चुकले तर संगणक पडद्यावर काहीच दाखवत नाही आणि तेव्हा कॅबिनेट उघडून शोधाशोध करणे तापदायक ठरते. एक साधी वही आणि पेन या कामात कोणत्याही सॉफ्टवेअरइतके उपयोगी पडते. वेग, व्होल्टेज, खोलीचे तापमान, प्रोसेसरचे कमाल तापमान, कोणती चाचणी, किती वेळ, काय झाले, या सगळ्याची नोंद तीत व्हावी.

शोधाची रीत

एका वेळी एकच मूल्य बदलायचे, हा या कामातला पहिला आणि सर्वाधिक मोडला जाणारा नियम. प्रोसेसरचा शोध चालू असताना रॅम तिच्या मूळ, सावकाश वेगावर ठेवावी. रॅमचा शोध चालू असताना प्रोसेसर मूळ वेगावर. दोन्ही एकत्र वाढवून संगणक कोसळला, तर कोणामुळे कोसळला ते सांगता येत नाही.

प्रोसेसरचा वेग १०० मेगाहर्ट्झच्या पायरीने वाढवत न्यावा आणि प्रत्येक पायरीवर दहा-पंधरा मिनिटांची जड चाचणी घ्यावी. या टप्प्यावर लांब चाचण्यांची गरज नसते. येथे ढोबळ सीमा शोधायची आहे. चाचणी फसली की त्या वेगाला व्होल्टेज अगदी थोडे, ०.०१ ते ०.०२ व्होल्टने, वाढवून पुन्हा पाहावे. चाचणी पार पडेल त्या व्होल्टेजची नोंद करून पुढची पायरी घ्यावी. अशा चार-पाच नोंदी कागदावर मांडल्या की वर सांगितलेले वळण डोळ्यांसमोर येते. प्रवास तीनपैकी एका ठिकाणी अडतो. एक तर तापमान मर्यादेला टेकते, नाहीतर व्होल्टेज त्या प्रोसेसरसाठी सुरक्षित मानल्या जाणाऱ्या पातळीवर पोहोचते, किंवा व्होल्टेज वाढवूनही चाचणी पार पडेनाशी होते. सुरक्षित व्होल्टेजचा एकच आकडा सर्वांसाठी सांगणे धोक्याचे आहे. प्रत्येक पिढीतील ट्रान्झिस्टर अधिक बारीक असल्याने जुन्या पिढीचा आकडा नव्या प्रोसेसरला मारक ठरू शकतो.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. भार पडला की प्रोसेसरला मिळणारे व्होल्टेज थोडे खाली येते. बायोसमध्ये लिहिलेले १.३० व्होल्ट भाराखाली १.२५ असू शकतात. ही घसरण सावरण्यासाठी मदरबोर्डावर लोड-लाइन कॅलिब्रेशन नावाची सोय असते. तिची सर्वांत कडक पातळी निवडण्याचा मोह टाळलेला बरा. भार एकाएकी उतरल्यावर व्होल्टेज क्षणभर ठरवलेल्या पातळीच्याही वर उसळते, आणि हा क्षणिक उसळा साध्या मापक सॉफ्टवेअरला दिसत नाही. मधली पातळी निवडून भाराखालचे खरे व्होल्टेज नोंदवणे शहाणपणाचे.

चाचणी नेमके काय सिद्ध करते

हौशी मंडळींच्या हातातले सर्वांत जुने आणि अजूनही मानाचे साधन म्हणजे प्राइम९५. ते ओव्हरक्लॉकिंगसाठी जन्मले नाही. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली मर्सेन मूळसंख्या शोधण्याचा एक सामूहिक उपक्रम सुरू केला आणि त्यासाठी हा प्रोग्रॅम लिहिला. त्या गणितात प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या उत्तरावर उभी असते. मध्येच एक अंक चुकला तर आठवड्यांची, महिन्यांची आकडेमोड मातीमोल होते. म्हणून हा प्रोग्रॅम स्वतःची उत्तरे वरचेवर पडताळतो आणि त्यातील ताणचाचणी मिळालेले उत्तर आधीच ठाऊक असलेल्या उत्तराशी जुळवून पाहते. संगणक बंद पडला नाही तरी उत्तर चुकले की चाचणी तसे सांगते. चांगल्या चाचणीचे हेच लक्षण. केवळ प्रोसेसर तापवणारी, पण उत्तर न तपासणारी चाचणी कूलरची परीक्षा घेते, प्रोसेसरच्या अचूकपणाची नाही. चित्र रंगवून गुण देणारे लोकप्रिय प्रोग्रॅम यासाठी अपुरे पडतात ते याच कारणाने.

तथापि, एक चाचणी म्हणजे एकाच तऱ्हेचा भार. एव्हीएक्स प्रकारच्या आज्ञा प्रोसेसरच्या जड गणिती भागांना एकदम कामाला लावतात आणि त्यांच्या भाराखाली तापमान व वीजवापर इतर कामांपेक्षा बराच चढतो. त्यामुळे त्यांविना पार पडलेली चाचणी व्हिडिओ संपादनात धोका देऊ शकते. उलट टोकाचा प्रकार नव्या प्रोसेसरांत अधिक दिसतो. रायझनमधील कर्व्ह ऑप्टिमायझरने प्रत्येक गाभ्याचे व्होल्टेज कमी करता येते. सर्व गाभ्यांवर जड भार असताना प्रोसेसर मुळातच कमी वेगाने चालतो, म्हणून अशी चाचणी रात्रभर निर्विघ्न होते. पण एकट्या गाभ्यावर हलके काम आले की तो गाभा आपल्या सर्वोच्च वेगाला उडी मारतो, आणि कमी केलेले व्होल्टेज नेमके तेथे अपुरे पडते. मग चोवीस तासांची चाचणी उत्तीर्ण झालेला संगणक सकाळी रिकामा उभा असताना आपोआप रीस्टार्ट झालेला आढळतो. यावर उपाय म्हणजे एकेका गाभ्यावर आळीपाळीने भार टाकणारी चाचणी, आणि त्याखेरीज काही दिवसांचा साधा वापर, ज्यात संगणक झोपवणे, उठवणे, रिकामा ठेवणे हेही आले.

चाचणी किती वेळ चालवावी, यावर हौशी मंडळींत न संपणारे वाद आहेत. संख्याशास्त्रातील एक जुना ठोकताळा येथे उपयोगी पडतो. स्वैरपणे घडणारी एखादी गोष्ट काही तासांत एकदाही घडली नाही, तर त्या तासांना तिनाने भागावे. येणाऱ्या अवधीत ती सरासरी एकापेक्षा अधिक वेळा घडत नसावी, एवढेच ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. म्हणजे एक तासाची निर्दोष चाचणी दर वीस मिनिटांना होणारी चूक फार तर नाकारते. चोवीस तासांची चाचणी दर आठ तासांना होणारी चूक नाकारते. दर आठवड्याला होणारी एखादी चूक तिच्या जाळ्यातून सहज निसटते. दर आठवड्याला एक चूक न होण्याची अशीच खात्री हवी असेल तर चाचणी सलग तीन आठवडे चालवावी लागेल, आणि इतका संयम व वीजबिल कोणालाच परवडत नाही.

सुटकेचा मार्ग दुसरा आहे. मर्यादेच्या आसपास चुकांचे प्रमाण उतारासारखे नव्हे, कड्यासारखे बदलते. एका पायरीवर संगणक सुरूच होत नाही, तिच्याखाली मिनिटभरात कोसळतो, आणखी खाली काही तास टिकतो. म्हणून लांब चाचणीत टिकलेल्या सर्वोच्च वेगावर न राहता तेथून १०० मेगाहर्ट्झ खाली यावे, किंवा तोच वेग ठेवून तापमानाची सोय असल्यास व्होल्टेज थोडे अधिक द्यावे. ही एक पायरी मागे येण्याने जी सुरक्षितता मिळते ती चाचणीचे तास कितीही वाढवून मिळत नाही. उत्पादकाने ठेवलेली तरतूद आपण खर्चली. तिच्यातला थोडा वाटा परत ठेवण्याचा हा प्रकार.

रॅमचे वेगळे प्रकरण

रॅमच्या खोक्यावर ६००० असा आकडा असला तरी डीडीआर५ रॅम अनेकदा प्रथम ४८०० वर सुरू होते आणि बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो ही निवड केल्यावरच वरचा वेग मिळतो. ही निवड म्हणजेही ओव्हरक्लॉकिंगच, हे फार थोड्यांना ठाऊक असते. रॅमच्या पट्ट्या तो वेग पाळतीलही, पण प्रोसेसरमधील रॅम-नियंत्रक आणि मदरबोर्ड यांनी तो पाळण्याची हमी कोणी दिलेली नसते. विशेषतः दोनाऐवजी चार पट्ट्या बसवल्यावर तर अडचण हमखास येते.

रॅममधील चूक सर्वांत घातक, कारण डिस्कवर जाणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट आधी रॅममधून जाते. छायाचित्राची प्रत करताना एक अंक उलटला तर खराब झालेली प्रत डिस्कवर कायमची लिहिली जाते. पुढे तीच प्रत सुरक्षित साठ्यातही जाते. म्हणून रॅमची चाचणी विंडोज सुरू न करता, पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या मेमटेस्ट८६ सारख्या प्रोग्रॅमने आधी घ्यावी. तीत एकही चूक चालत नाही. ‘फक्त दोनच चुका आल्या’ हे समाधान रॅमच्या बाबतीत निरर्थक आहे. त्यानंतर विंडोजमध्ये, ग्राफिक्स कार्डाच्या उष्णतेने कॅबिनेट तापलेले असताना पुन्हा चाचणी घ्यावी, कारण थंड स्थितीत निर्दोष असलेली रॅम तापल्यावर चुकू लागते. ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीचा प्रकार आणखी निराळा. तेथील अनेक कार्डे चूक आढळली की तीच माहिती पुन्हा मागवतात. वेग वाढवत नेताना पडद्यावर काहीच बिघडत नाही, पण खेळातील चौकटींची संख्या वाढण्याऐवजी घटू लागते. घट सुरू झाली की मर्यादा मागे पडली असे समजावे.

न दिसणाऱ्या चुका

मायक्रोसॉफ्टमधील अभियंता रेमंड चेन यांनी २००५ साली एक हकीकत लिहिली. विंडोज कोसळल्याचे जे अहवाल कंपनीकडे येत, त्यांतले काही अशक्य वाटावेत असे होते. रजिस्टरमधले मूल्य शून्य करण्याची आज्ञा, जी रॅमला स्पर्शही करत नाही आणि जिच्यात चुकण्यासारखे काही नाही, तीच पार पाडताना प्रोसेसर अडखळला होता. चौकशी केल्यावर त्यांतले कित्येक संगणक ओव्हरक्लॉक केलेले निघाले. त्याहून चमत्कारिक म्हणजे काही मालकांना हा शब्दही माहीत नव्हता. दुकानदाराने स्वस्त प्रोसेसर वेग वाढवून बसवून दिला होता. जुना डेस्कटॉप विकत घेणाऱ्याने बायोसमधील मूल्ये प्रथम मूळ स्थितीत आणावीत, ते यासाठीच.

२०११ साली मायक्रोसॉफ्टच्याच संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या नोंदी तपासून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रोसेसरच्या बिघाडाने कोसळण्याचे प्रमाण ओव्हरक्लॉक केलेल्या संगणकांत कितीतरी पटींनी अधिक आढळले. हमीच्या वेगापेक्षा कमी वेगाने चालवलेले संगणक तर मूळ वेगाच्या संगणकांहूनही भरवशाचे ठरले. ज्यांचे काम हिशेबाचे, संशोधनाचे किंवा इतरांच्या माहितीचे आहे, त्यांनी ओव्हरक्लॉकिंगच्या वाटेला न जाणे योग्य. चार-पाच टक्के वेगासाठी खतावणीतला एखादा आकडा पणाला लावण्यात शहाणपण नाही.

उघड लक्षणे सर्वांच्या परिचयाची आहेत. संगणक हँग होतो, निळा पडदा येतो, आपोआप रीस्टार्ट होतो. निळ्या पडद्यावर ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ किंवा ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’ असे शब्द दिसले तर संशयाची सुई प्रथम प्रोसेसरच्या व्होल्टेजकडे वळावी. त्याआधीची सूचना मात्र अनेकांच्या नजरेतून सुटते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाने, प्रोसेसरने स्वतः दुरुस्त केलेल्या चुकांची नोंद होत असते. संगणक सुरळीत चालतो आहे आणि तेथे मात्र नोंदी साचत आहेत, अशी स्थिती असेल तर मर्यादा ओलांडलेलीच आहे. झिप फाइल उलगडताना ती खराब असल्याचा संदेश येणे आणि दुसऱ्यांदा तीच फाइल नीट उलगडणे, हेही असेच एक लक्षण.

ऋतू आणि वय

मर्यादा ही स्थिर वस्तू नाही. कूलर प्रोसेसरचे तापमान खोलीच्या तापमानाच्या तुलनेतच राखू शकतो. खोली १२ अंशांनी तापली तर प्रोसेसरही निदान तेवढा तापतो. गोव्यात जानेवारीच्या पहाटे पारा २० अंशांच्या आसपास असतो आणि मे महिन्याच्या दुपारी ३३-३४ वर. ग्वाल्हेर-इंदूरकडे उन्हाळ्यात तो चाळिशी पार करतो. हिवाळ्यात, रात्री, खिडकी उघडी ठेवून शोधलेली मर्यादा एप्रिलमध्ये टिकेलच असे नाही. चाचणी वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दिवसांत घ्यावी, किंवा हिवाळ्यात घेतल्यास तापमानाला तेवढी जागा सोडावी. किनारपट्टीवर आणखी एक पथ्य आहे. साधा वॉटर कूलर पाण्याला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही, म्हणून तो निर्धोक. पण बर्फ किंवा शीतयंत्र वापरून पाणी अधिक गार करण्याचा प्रयोग पावसाळ्यातल्या दमट हवेत केला, तर नळ्यांवर आणि मदरबोर्डावर दव साचते. वीज खालीवर होणाऱ्या गावांत यूपीएसशिवाय घेतलेली लांब चाचणीही फसवी ठरते, कारण रीस्टार्ट व्होल्टेजमुळे झाला की वायरमनमुळे, हे कळत नाही.

वयाचा परिणाम सावकाश होतो, पण होतो. जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान यांखाली ट्रान्झिस्टर हळूहळू मंदावतात आणि त्याच वेगाला पूर्वीपेक्षा अधिक व्होल्टेज मागू लागतात. याचा ठळक दाखला इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील वरच्या दर्जाच्या डेस्कटॉप प्रोसेसरांनी दिला. त्यांतले अनेक प्रोसेसर, मालकाने वेगाला हातही न लावता, काही महिन्यांत अस्थिर होऊ लागले. खेळ सुरू होताना कोसळत आणि संदेश मात्र ग्राफिक्स कार्डाची स्मृती अपुरी असल्याचा येई. गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागितले जात असल्याचे इंटेलने २०२४ साली मान्य केले, बायोसमार्फत दुरुस्ती दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. मात्र ज्या प्रोसेसरांची झीज आधीच झाली होती, ते या दुरुस्तीने पूर्ववत झाले नाहीत. ते बदलूनच घ्यावे लागले.

म्हणून स्थिर ठरलेल्या संगणकाचीही वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्यात, फेरतपासणी करावी. बायोस अद्ययावत केल्यावर किंवा रॅम बदलल्यावर ती लगेच करावी, कारण नवे बायोस अनेकदा जुनी मूल्ये पुसून टाकते किंवा त्यांचा अर्थ बदलते. पूर्वी १.२७ व्होल्टवर चालणाऱ्या वेगाला आता १.२९ लागू लागले, तर व्होल्टेज वाढवण्यापेक्षा वेग एका पायरीने उतरवणे हितावह; वाढवलेले व्होल्टेज झीज आणखी पुढे ढकलते. एखादा प्रोग्रॅम अकारण कोसळू लागला, तर तो प्रोग्रॅम पुन्हा बसवण्यापूर्वी सर्व मूल्ये मूळ स्थितीत आणून पाहावे. प्रोसेसर उत्पादक वेगमर्यादेपलीकडच्या वापराने झालेली हानी सर्वसाधारणपणे हमीत धरत नाहीत, तेव्हा नवा संगणक घेताना दुकानदाराकडून वेगाची मूल्ये मूळ आहेत की वाढवलेली, हे बिलावर लिहून घ्यावे.